कालवडीचा वळू कोण निवडतं?

कालवड पहिल्यांदा माजावर आली की आपण फोन लावतो आणि विचारतो, "डॉक्टर, कांडी कुठली आहे?" साधा प्रश्न आहे, पण आपल्या आजोबांना तो विचारायची सोयच नव्हती. ही सोय कशी आली ते आज लिहितोय. आमच्या नगर तालुक्यातलं हिवरे बाजार सगळ्यांना पाण्यासाठी माहीत आहे. मला त्या गावाची दुसरी बाजू सांगायची आहे, गोठ्याची.

जुन्या काळी वळू निवडला जायचा तो बैलासाठी. गाय चांगली कोणती, तर जिच्या पोटी नांगराला, मोटेला चालणारा गोऱ्हा येतो ती. म्हणून सोलापूर-साताऱ्याकडे खिल्लार, आपल्या जिल्ह्यात अकोल्याच्या डोंगरात पावसाला न डगमगणारी डांगी. ज्यांच्याकडे जातिवंत वळू असायचा, तिथे लोक गाय घेऊन जायचे. पण हे झालं ऐपतवाल्यांचं. बाकी गावाची गुरं एका खांडात गायरानावर जायची. तिथे देवाला सोडलेला वळू असायचा, नाहीतर न ठेचलेले चार-दोन गोऱ्हे. कालवडीचा माज मालकाच्या ध्यानात यायच्या आत काम झालेलं असायचं. अंगाने भरली नसली तरी गाभण. आणि एकच वळू गावात पाच-सहा वर्षं राहिला की त्याच्याच पोरी माजावर यायच्या, त्यांनाही तोच. बाप-लेकीचं वासरू जन्मायचं, खुजं, कमजोर, आणि आपण म्हणायचो, "चारा नाही म्हणून असं झालं."

सरकारला हे दिसत नव्हतं असं नाही. 1933 साली मुंबई इलाख्यात पशुधन सुधारणा कायदा झाला. वळू ठेवायला परवाना, आणि नको त्या वळूचं खच्चीकरण, असा त्याचा रोख. पण देवाच्या वळूला हात लावणार कोण? उमेश कुलकर्णींचा 2008 चा 'वळू' सिनेमा बघून आपण हसलो, पण एका मोकाट वळूपुढे अख्खं गाव कसं हतबल होतं ते त्यात अगदी खरं आहे.

मग वळूच गावात आणायचा नाही, त्याचं रेत आणायचं, हा मार्ग आला. आपल्याकडे तो रुजवला मणिभाई देसाईंनी. 1946 साली गांधीजींबरोबर ते उरुळीकांचनला आले आणि तिथलेच झाले. आधी गीर गाई सांभाळल्या, मग 1967 साली बाएफ उभी केली. होलस्टिन आणि जर्सीचं रेत गावठी गाईला द्यायचं, तेही शेतकऱ्याच्या दारात जाऊन, ही त्यांची पद्धत. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने होलस्टिन, जर्सी आणि गीर या तिघांचा मेळ घालून 'फुले त्रिवेणी' तयार केली. आता वळू बैलासाठी नाही, दुधासाठी निवडला जाऊ लागला.

पण अडचण तिथेच होती. सकाळी कांडी भरली आणि दुपारी कालवड गायरानावर सोडली, तर वासरू कुणाचं? चरायला मोकळी सोडलेली कालवड आणि निवडलेला वळू, या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. आणि गोठ्यात बांधायची म्हटली तर खायला काय घालणार? 1972 च्या दुष्काळानंतर आपल्या भागात ना पाणी होतं ना गवत.

इथे हिवरे बाजार येतं. 1989 साली पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे आदर्श गाव योजनेत गावाने श्रमदान, नशाबंदी, नसबंदी, कुऱ्हाडबंदी यांच्याबरोबर चराईबंदी स्वीकारली. पाऊस जेमतेम 400 मिलिमीटरचा, पण डोंगरावर चर खोदले, पाणी मुरवलं आणि गुरं डोंगरावर सोडणं थांबवलं. गवत विळ्याने कापायचं, भारा घरी आणायचा. 2000 साली 100 टनांच्या आसपास निघणारं गवत 2004 पर्यंत 6000 टनांवर गेलं. नव्वदीच्या मध्यात गावाचं रोजचं दूध दीडशे लिटरच्या घरात होतं, ते पुढे हजारांत गेलं. चराईबंदी झाली ती गवतासाठी, पण तिने गोठ्यातही बदल केला. कालवड दावणीला आली. तिचा माज मालकाला दिसू लागला, तारीख लिहिता येऊ लागली, आणि वळू निवडणं मालकाच्या हातात आलं. परदेशातून कितीही भारी रेत आणलं असतं, तरी दावणीला चारा नसता तर ते वायाच गेलं असतं.

आता आजचं बोलू. बैलासाठी वळू निवडून झाला, दुधासाठीही झाला. पण पहिलारू कालवडीला विताना काय सोसावं लागेल याचा विचार मात्र अजून मागेच आहे. आपण विचारतो, "आईचं दूध किती?" ते विचाराच, पण कालवडीसाठी आधी बाकीचं बघा.

वयापेक्षा वजन बघा. संकरित कालवड अडीचशे किलोच्या पुढे गेल्याशिवाय भरवू नका. अंगाने लहान कालवडीला मोठ्या हाडाच्या होलस्टिनची कांडी दिली की वासरू अडतं, कधी वासरू जातं, कधी दोघंही जातात. तिथे जर्सी बरी, तिचं वासरू हलकं. काही वळूंच्या माहितीपत्रकात वीण किती सोपी याचा आकडा असतो, तो मागून घ्या. लिंग-विनिश्चित कांडीतून शंभरात नव्वदच्या आसपास कालवडी येतात आणि कालवड गोऱ्ह्यापेक्षा हलकी असते; मात्र गाभण राहण्याचं प्रमाण थोडं कमी पडतं. विदेशी रक्त 50 ते 62.5 टक्क्यांच्या आसपास ठेवा, आपल्या उन्हाला त्यापुढचं झेपत नाही.

आणि कांडीवरचा वळूचा नंबर वहीत लिहा. कानातल्या बिल्ल्याचे 12 आकडे, भरवल्याची तारीख आणि वळूचा नंबर, तिन्ही एका ओळीत. तीन वर्षांनी तिची कालवड माजावर येईल तेव्हा तोच नंबर परत आला तर लगेच कळेल. नाहीतर गायरानावरची बाप-लेकीची चूक आपण पैसे मोजून गोठ्यात करू. माज सकाळी दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि डॉक्टर कंटेनर उघडतील तेव्हा वही हातात ठेवा.