निसर्गोपचारकांची नोंदणी व नियमन (ठाणे, कल्याण-डोंबिवली)
मातीची पट्टी, कटिस्नान, उपवास, आहारपालट अशा औषधाविना उपचारांच्या व्यावसायिकांना मान्यता देण्याची व त्यांच्यावर देखरेख ठेवण्याची व्यवस्था. महाराष्ट्रात या पद्धतीची परंपरा मोठी आहे. महात्मा गांधींनी १९४६ मध्ये उरुळीकांचनला निसर्गोपचार केंद्र सुरू केले. १९८६ मध्ये पुण्यात राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था उभी राहिली.

नोंदणी मात्र मागे पडली.

ठाण्याचा ॲलोपॅथी डॉक्टर महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे, कल्याणचा आयुर्वेदाचा वैद्य महाराष्ट्र भारतीय वैद्यक परिषदेकडे नाव नोंदवतो. केंद्राच्या २०२० च्या भारतीय चिकित्सा पद्धती आयोग कायद्यात आयुर्वेद, युनानी, सिद्ध व सोवा-रिग्पा आहेत, निसर्गोपचार नाही. शेजारच्या कर्नाटकाने मात्र आपल्या नोंदणी कायद्याच्या नावातच तो घेतला आहे.

नोंदणीतल्या या उणिवेचा फटका रुग्णाला बसतो. साडेपाच वर्षांचा बीएनवायएस (निसर्गोपचार व योगशास्त्राची पदवी) अभ्यासक्रम पूर्ण केलेला पदवीधर आणि अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमाचा प्रमाणपत्रधारक यांतला फरक डोंबिवलीतल्या दवाखान्याच्या पाटीवरून कळतोच असे नाही. म्हणून भिंतीवरील प्रमाणपत्रात पदवी, विद्यापीठ आणि नोंदणी करणारी संस्था वाचावी. नोंदणीविना वैद्यक व्यवसाय करणे महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ च्या कलम ३३ नुसार शिक्षापात्र आहे. तक्रार महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे किंवा पोलिसांकडे करता येते.