रमेश रासकर: प्रोजेक्टरपासून कोपऱ्याआड पाहणाऱ्या कॅमेऱ्यापर्यंत

पीएच.डी.ची तयारी करणाऱ्यांना एक प्रश्न हमखास विचारला जातो: "तुझी फील्ड कुठली?" आज ज्यांच्याबद्दल लिहितोय, त्यांना याचं एका शब्दात उत्तर देणं अवघड जाईल. डॉ. रमेश रासकर जन्माने नाशिकचे, म्हणजे आमच्या एकलहऱ्याच्या शेजारचेच. पुण्याच्या सीओईपीतून इंजिनिअरिंग केलं. मग चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात हेन्री फुक्स यांच्याकडे पीएच.डी., २००२ साली.

कॉम्प्युटर ग्राफिक्सचा मूळ प्रश्न साधा आहे. वस्तूचा आकार, रंग आणि दिव्याची जागा दिली, तर चित्र कसं दिसेल? ते चित्र सपाट स्क्रीनवर दिसणार, हे सगळे गृहीत धरत. १९९८ च्या सिग्राफ परिषदेतल्या पेपरमध्ये फुक्स, रासकर आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच गृहीतक काढून टाकलं. कॅमेऱ्याने भिंतीचा, टेबलाचा आकार मोजायचा आणि त्यानुसार प्रोजेक्टरचं चित्र बदलायचं. पुढे 'शेडर लॅम्प्स'मध्ये ताजमहालाच्या पांढऱ्या प्रतिकृतीवर प्रोजेक्टरने रंग आणि सावल्या टाकल्या. स्क्रीनची गरजच उरली नाही.

मग ते मित्सुबिशीच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत होते. तिथे गृहीतक होतं कॅमेऱ्याचं: फोटो काढताना शटर एकदा उघडतं, एकदा मिटतं. धावती गाडी त्यामुळे फराटल्यासारखी येते आणि काही तपशील कायमचा पुसला जातो. २००६ च्या पेपरात त्यांनी एकाच फोटोदरम्यान शटर ठरावीक क्रमाने अनेकदा उघडझाप केलं. तपशील टिकला, बाकीचं काम गणिताने केलं.

२००८ मध्ये ते एमआयटी मीडिया लॅबमध्ये प्राध्यापक झाले. तिथलं गाजलेलं काम म्हणजे कोपऱ्याआडची वस्तू 'पाहणं'. समोरच्या भिंतीवर लेझरचा अतिसूक्ष्म झोत टाकायचा. प्रकाश भिंतीवरून लपलेल्या वस्तूवर जातो, परत भिंतीवर येतो, मग कॅमेऱ्यात. प्रत्येक किरणाला किती वेळ लागला यावरून आकार काढायचा. म्हणजे ग्राफिक्सचा मूळ प्रश्नच उलटा सोडवायचा! हा पेपर २०१२ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आला. पहिले लेखक आंद्रेयास वेल्टन.

इथे जरा थांबा. बातम्यांत "सेकंदाला एक लाख कोटी फ्रेम्स" असं यायचं. पण तो कॅमेरा एका वेळी दृश्याची एकच रेघ टिपतो. पुन्हापुन्हा झोत सोडून, रेघा जोडून ती फिल्म बनते. एका झोताचा प्रवास त्यात नसतो. काम त्यामुळे छोटं ठरत नाही, पण बातमी आणि पेपर यांतलं अंतर ओळखता आलं पाहिजे.

आणखी एक. सहलेखकांत मौंगी बावेंडी हे रसायनशास्त्रज्ञ आहेत, ज्यांना पुढे २०२३ चं नोबेल मिळालं. एकट्या 'फील्ड'मध्ये बसून हा प्रयोग झालाच नसता.

२०१६ मध्ये रासकरांना ५ लाख डॉलरचं लेमेल्सन-एमआयटी पारितोषिक मिळालं. त्याआधी, २०१५ च्या सिंहस्थासाठी, त्यांनी नाशिकमध्ये 'कुंभथॉन' उभं केलं. गर्दी, आरोग्य, स्वच्छता अशा प्रश्नांवर इथलीच मुलं उपाय शोधत होती.

तर या आठवड्यात एवढंच करा. तुमच्या विषयातला एक पेपर घ्या. त्यात न सांगता धरलेलं एक गृहीतक वहीत लिहा. ते काढलं तर काय होईल, हे खाली दोन ओळींत लिहा. गाइडला भेटायला जाताना ही वही सोबत न्या.