इंग्लिश इन ॲक्शन

बांगलादेशातील शासकीय व अनुदानित शाळांमधील इंग्रजीचे अध्यापन सुधारण्यासाठी ब्रिटिश शासनाच्या आंतरराष्ट्रीय विकास विभागाच्या पैशातून चाललेला प्रकल्प. कालावधी २००८ ते २०१७. तरतूद सुमारे ५ कोटी पौंड. बांगलादेश शासनाच्या सहकार्याने ब्रिटनचे मुक्त विद्यापीठ, बीएमबी मॉट मॅकडोनाल्ड ही सल्लागार संस्था आणि बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस ट्रस्ट (नंतरचे नाव बीबीसी मीडिया ॲक्शन) यांनी तो राबवला. यूसेप व एफआयव्हीडीबी या स्थानिक स्वयंसेवी संस्थाही त्यात होत्या.

पार्श्वभूमी : १९५२ च्या भाषा आंदोलनाचा वारसा सांगणाऱ्या या देशाने १९७२ च्या संविधानात बांगला ही राज्यभाषा ठरवली, १९८७ च्या कायद्याने शासकीय कारभारात तिचा वापर सक्तीचा झाला. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १९९० च्या दशकाच्या आरंभी, इंग्रजी पहिलीपासून आवश्यक विषय झाली. शिक्षकांची तयारी मात्र त्या वेगाने झाली नाही. १९९७ मध्ये ब्रिटिश साहाय्यानेच ‘एल्टिप’ हा माध्यमिक शाळांसाठीचा प्रकल्प सुरू झाला व पाठ्यपुस्तके संवादाधारित पद्धतीने नव्याने लिहिली गेली. पुस्तक बदलले तरी तास पूर्वीसारखाच चालू राहिला : शिक्षकाने वाचायचे, बांगलात अर्थ सांगायचा आणि वर्गाने एका सुरात म्हणायचे.

कार्यपद्धती : शिक्षक-प्रशिक्षणाच्या दृष्टीने प्रकल्पाचे महत्त्व या भागात आहे. एकाने दहांना आणि दहांनी शंभरांना शिकवायचे, हा उपखंडातला जुना रिवाज. १९६० च्या सुमारास मद्रास राज्यात सुमारे २७ हजार शिक्षकांसाठी ‘स्नोबॉल’ नावाने अशीच मोहीम निघाली होती. या उतरंडीत खालच्या मडक्यापर्यंत पाणी फारसे पोचत नाही, हा अनुभव जुनाच. बांगलादेशात त्यावर काढलेला तोडगा असा, की नमुना पाठ मधल्या प्रशिक्षकाच्या तोंडून न देता ध्वनिचित्रमुद्रित करून थेट वर्गशिक्षकाच्या हाती द्यायचा. चित्रण बांगलादेशी शाळांतच, तिथल्याच शिक्षकांना घेऊन केलेले होते. गर्दीचा वर्ग आणि दाटीवाटीचे बाक पाहून ‘आमच्याकडे हे जमणार नाही’ ही नेहमीची सबब लंगडी पडे. (परदेशी चकचकीत वर्गांच्या फिती पाहून जांभया देणाऱ्या कोणत्याही प्रशिक्षणार्थीला हा फरक सांगावा लागणार नाही.)

पहिल्या टप्प्यात काही शे शिक्षकांना आयपॉड व बॅटरीवर चालणारे ध्वनिवर्धक दिले गेले. पुढे संख्या वाढवताना ते परवडणारे नव्हते, म्हणून साधे नोकिया फोन आले. शेवटी शिक्षकाच्या स्वतःच्या फोनमध्ये घालायचे मेमरी कार्ड पुरेसे ठरले. ‘इंग्लिश फॉर टुडे’ या शासकीय पाठ्यपुस्तकातील संवाद, गाणी व गोष्टी त्यावर मुद्रित होत्या. उच्चाराची धास्ती असलेला शिक्षक कळ दाबून वर्गाला आवाज ऐकवू शकत होता. विजेवाचून काम अडत नव्हते. एका शाळेतले दोन शिक्षक एकत्र घेतले जात, म्हणजे फसलेला प्रयोग बोलून दाखवायला शेजारच्या वर्गात कोणीतरी असे. उपजिल्हा पातळीवर ठराविक काळाने बैठका होत. मुख्याध्यापकांनाही सामील करून घेतले होते.

बीबीसी जानाला : शाळेबाहेरच्या प्रौढांसाठीची शाखा, नोव्हेंबर २००९ पासून. बांगलात जानाला म्हणजे खिडकी. मोबाईलवरून ३००० हा क्रमांक फिरवला की तीन मिनिटांचा पाठ ऐकू येई. मोबाईल कंपन्यांनी त्यासाठी दर कमी केले होते. ‘प्रथम आलो’ दैनिकातून पाठ छापले जात. दूरचित्रवाणीवर ‘बिश्वास’ ही मालिका दाखवली गेली.

फलनिष्पत्ती : प्रकल्पाच्या हिशेबानुसार सुमारे ५१ हजार शिक्षक व ७० लाख विद्यार्थ्यांपर्यंत काम पोचले. बोलण्याची क्षमता लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या श्रेणी-परीक्षेने तपासली गेली आणि पूर्वीच्या तुलनेत उत्तीर्णांचे प्रमाण वाढल्याचे अहवाल सांगतात. पाहणीचे बहुतेक अहवाल प्रकल्पाशी संबंधित संशोधकांचेच आहेत, हे ध्यानात ठेवून ते वाचावेत. निधी आटल्यानंतर वर्गात किती टिकले, हा प्रश्न वेगळा.

टीका : इंग्रजी आली की रोजगार वाढतो, या प्रकल्पाच्या गृहीतकावर मतभेद आहेत. रॉबर्ट फिलिपसन यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या भाषिक साम्राज्यवादाच्या विवेचनाचा आधार घेऊन अशा साहाय्यातील दात्याच्या हितसंबंधांकडे बोट दाखवले जाते. दुसऱ्या बाजूने असे म्हणतात, की खाजगी इंग्रजी शाळेची फी न परवडणाऱ्याच्या मुलाला ही भाषा शासकीय शाळेतच भेटणार.

परीक्षा : अभ्यासक्रमात ऐकणे व बोलणे ही कौशल्ये होती, प्रकल्पाचा सारा भरही त्यांवरच होता. दहावीनंतरच्या सार्वजनिक परीक्षेचा इंग्रजीचा पेपर मात्र या काळात वाचन व लेखनापुरताच राहिला.