सोपी भाषा म्हणजे काय?

मुलांच्या गोष्टीच्या पुस्तकाचं कौतुक करताना आपण हमखास म्हणतो, "भाषा अगदी सोपी आहे हो!" पण सोपी म्हणजे नक्की काय? वाक्यं छोटी, की शब्द मोजके? या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. त्या कशा, ते जुन्या औंध संस्थानातल्या दोन गावांकडे पाहिलं की कळतं.

सदाशिव काशिनाथ छत्रे यांचा 'बाळमित्र' १८२८ चा, इंग्रजीवरून मराठीत आणलेला. तेव्हा छापील मराठी गद्याचीच घडी बसायची होती, मुलांसाठी वेगळी भाषा कुठून असणार?

१९१० साली औंधच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. नांगर घडवणाऱ्या या गावातून १९२० मध्ये मासिकही निघू लागलं. इथेच नोकरीला असलेल्या ना. धों. ताम्हनकरांनी 'गोट्या' आणि 'चिंगी' लिहिली. घरात बोलतात तशी वाक्यं. पुस्तकातला पंतोजी उठून गेला!

त्याच संस्थानातलं दुसरं गाव माडगुळं. व्यंकटेश माडगूळकर इथले, जन्म १९२७ चा. 'माणदेशी माणसं' (१९४९) काही मुलांसाठी लिहिलेलं नव्हतं, पण त्यांचं लेखन शाळेच्या पुस्तकांतून मुलांपर्यंत पोचलं. वाक्य आटोपशीर, शब्द मात्र नेमका. झाड म्हणजे नुसतं झाड नाही, बाभळ. पक्षी म्हणजे नुसता पक्षी नाही, होला. वाक्य सोपं ठेवूनही शब्दांची श्रीमंती राखता येते ती अशी.

१९४८ मध्ये औंध विलीन झालं. आज औंध साताऱ्यात आणि ही दोन्ही गावं सांगलीत आहेत.

हल्ली मात्र 'सोपं' करताना आपण शब्दच गाळतो असं मला वाटतं. मोटेबरोबर नाडा, सोंदूर, थारोळं गेलं, हे समजू शकतं. वस्तूच उरली नाही. पण ओढा, बांध, कुरण, ओघळ? ते तर अजून शिवारात आहेत. पुस्तकात मात्र 'जंगल', 'झाड' आणि 'पक्षी' एवढंच. अनोळखी शब्द गोष्टीत भेटला तर मूल मागच्यापुढच्यावरून अर्थ लावतं. भेटलाच नाही तर काय लावणार? आणि ज्याचं नाव माहीत नाही, ते नाहीसं झालं तरी त्याला कळायचं नाही...

साताऱ्यातलं भिलार २०१७ पासून पुस्तकांचं गाव झालंय. मुलांना घेऊन कधी गेलात, तर जिथे त्यांना एखादा शब्द अडेल असं पुस्तक मुद्दाम निवडा. अडू दे की!