धूर कोठे गेला?

जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात, समर्थ रामदासांच्या जन्मस्थानापासून जवळच, कुंभार पिंपळगाव हे गाव आहे. गावाच्या नावातच कुंभार आहे. कुंभार आपली भट्टी आपल्याच गावात पेटवितो. तिचा धूर त्याच्याच डोळ्यांत जातो, राख त्याच्याच दारात पडते. महानगरांच्या शक्तीची कथा निराळी. तेथे भट्टी एकीकडे पेटते आणि चाक दुसरीकडे फिरते.

विजेच्या मोटारींसाठी आज शहरोशहरी चार्जिंग केंद्रे उभी राहत आहेत. राज्य शासनाच्या २०२१ च्या धोरणात २०२५ पर्यंत बृहन्मुंबईत १५००, तर तेव्हाच्या औरंगाबादेत ७५ केंद्रांचे उद्दिष्ट होते. हा प्रयोग आपल्याला नवा वाटतो. परंतु विजेवर चालणारे वाहन मुंबईने शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच पाहिले आहे.

९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. ७ मे १९०७ रोजी तिची जागा विजेच्या ट्रामने घेण्यास आरंभ केला. घोड्यांचे हाल थांबले, रस्त्यावरची लीद हटली. मात्र ही वीज वाडीबंदरच्या केंद्रात वाफेवर तयार होत असे. रस्ता स्वच्छ झाला आणि धूर चिमणीतून बाहेर पडू लागला.

पुढे टाटांनी सह्याद्रीचे पाणी अडविले. १९१५ मध्ये खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्यांना धुराविना शक्ती मिळाली. ती पुरेना, म्हणून मुळशी येथे धरणाचे काम निघाले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, तेथील मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ हे बिरुद याच लढ्याने दिले. पुढे जमिनींचे सावकार मालक मोबदल्याकडे वळले. कसणारे एकाकी पडले. १९२४ च्या अखेरीस लढा संपला. धरण झाले, १९२७ मध्ये भिऱ्याचे केंद्र सुरू झाले, आणि शेते, घरे, देवळे पाण्याखाली गेली. मुंबईच्या वाट्याला प्रकाश आला, मावळाच्या वाट्याला विस्थापन.

तोच हिशेब मराठवाड्यातही मांडावा लागतो. कुंभार पिंपळगावाहून गोदावरी ओलांडून दक्षिणेस गेले की बीड जिल्ह्यातील परळीचे औष्णिक केंद्र येते. १९७१ पासून तेथे कोळशावर वीज निर्माण होत आली आहे. कोळशाइतकीच त्याला पाण्याची गरज असते, आणि ते पाणी गोदावरीवरील खडका बंधाऱ्यातून येते. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी हे केंद्र बंद ठेवावे लागले. २०१५ मध्येही तीच वेळ आली. ज्या नदीच्या खोऱ्यात माणसे टँकरची वाट पाहत होती, त्याच नदीवर विजेचाही हक्क होता.

आज राज्याची वीज एका जाळ्यातून वाहते. कोणत्या भट्टीची वीज कोणत्या मोटारीत गेली हे सांगता येत नाही. तिचा मोठा भाग अजून कोळशाचा आहे, एवढे मात्र निश्चित.

म्हणून विजेची मोटार वाईट, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. पेट्रोलच्या इंजिनात इंधनाची बहुतेक शक्ती उष्णता होऊन वाया जाते. विजेची मोटार ती फार काटकसरीने वापरते. शहरातील बालकांच्या फुप्फुसांना तिचा लाभ निःसंशय आहे. प्रश्न वेगळा आहे. सायंकाळी दिवेलागणीला सारी वाहने एकदम विजेला जोडली, तर कोळशावरचा भार वाढतो. दुपारी, सूर्य तळपत असताना जोडली, तर सौरशक्ती कामी येते. केंद्र कोठे उभारावे यासोबत ते केव्हा चालवावे आणि त्याची वीज कोठून आणावी, हेही ठरविले पाहिजे.

पैठणच्या जायकवाडीचा डावा कालवा घनसावंगी तालुक्यातून जातो. त्या कालव्याकडे डोळे लावून बसणाऱ्या शेतकऱ्याला शहरातील मोटारीच्या धुराचा त्रास कधीच नव्हता. शहर धुरातून मुक्त होताना त्या मुक्तीचे मोल त्याच्या पाण्याने आणि दुसऱ्या कुणाच्या गावाने चुकते होऊ नये, एवढी दक्षता आपण घेतली पाहिजे. मुळशीच्या मावळ्यांचे म्हणणे तेव्हा कोणी ऐकले नाही. आता तरी, धूर दिसेनासा झाला की तो कोठे गेला, हे विचारण्याची सवय आपण लावून घेऊ या.