एक्स्पोझे

एक्स्पोझे : लॅटिन फ्रीस्टाइल या नृत्यसंगीतप्रकाराला अमेरिकेतील लोकप्रिय संगीताच्या मुख्य प्रवाहात स्थान मिळवून देणाऱ्या अग्रणी वृंदांपैकी एक. फ्लॉरिडा राज्यातील मायामी येथे १९८४ साली स्थापन झालेल्या या वृंदात तीन गायिका असत. १९८७ ते १९९३ या काळात त्याची आठ गीते ‘बिलबोर्ड’ नियतकालिकाच्या शंभर गीतांच्या राष्ट्रीय क्रमावलीत पहिल्या दहांत पोहोचली. १९९०च्या दशकाच्या मध्यास तो विसर्जित झाला, पुढे पुन्हा एकत्र आला, आणि ‘एक्स्पोझे’ हे नाव कोणाच्या मालकीचे, या प्रश्नाचा निकाल अखेर त्याला न्यायालयातून मिळवावा लागला.

फ्रीस्टाइल हा प्रकार १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत न्यूयॉर्क व मायामी या शहरांतील स्पॅनिशभाषक वस्त्यांत आकारास आला. डिस्कोची लाट तेव्हा ओसरली होती, ब्राँक्समधून हिप-हॉप वर येत होते, आणि आफ्रिका बंबाटाच्या ‘प्लॅनेट रॉक’ (१९८२) या ध्वनिमुद्रिकेने रोलंड कंपनीच्या टीआर-८०८ या तालयंत्राचा कोरडा, टणक ठोका नृत्यगृहांत रूढ केला होता. प्वेर्तो रिको आणि क्यूबा येथून आलेल्या कुटुंबांतील तरुणांनी त्या यांत्रिक ठोक्यावर आपल्या घरी लहानपणापासून कानांवर पडलेल्या टिंबाले, कोंगा आणि काउबेल या तालवाद्यांची आडी लय चढविली, तिच्या जोडीला सिंथेसायझरचे तुटक, धारदार स्वर घेतले, आणि या सर्वांवर विरहाची, फसवणुकीची, परत न आलेल्या प्रियकराची गीते बहुधा तरुण स्त्रीकंठातून गाऊन घेतली. शॅनन या गायिकेचे ‘लेट द म्यूझिक प्ले’ (१९८३) हे या शैलीचे आद्य उदाहरण मानले जाते. पाय थिरकत असताना शब्द मात्र दुःखाचे असावेत, हा या गीतांचा विशेष आहे. केवळ नाचण्याचे संगीत म्हणून त्यांची वासलात लावणाऱ्या समीक्षकांच्या तो ध्यानात आला नाही, असे म्हणावे लागते.

मायामीतील नृत्यगृहांत तबकड्या वाजविण्याचा अनुभव गाठीशी असलेले निर्माते लुईस मार्टिने यांनी इस्माएल गार्सिया व फ्रँक डियाझ या भागीदारांसह पँटेरा प्रॉडक्शन्स या संस्थेच्या वतीने हा वृंद उभारला. सँड्रा कासान्यास (सँडी), आलेहान्द्रा लोरेन्झो (आले) आणि लॉरी मिलर या त्यातील पहिल्या गायिका. त्यांनी गायिलेले व मार्टिने यांनी रचलेले ‘पॉइंट ऑफ नो रिटर्न’ हे गीत १२ इंची तबकडीच्या रूपाने प्रसृत झाले, अरिस्टा या मोठ्या कंपनीने ते लगोलग आपल्याकडे घेतले, आणि १९८५ साली ते ‘बिलबोर्ड’च्या नृत्यगीतांच्या क्रमावलीत पहिल्या क्रमांकावर गेले. त्याच वर्षी ‘एक्स्पोज्ड टू लव्ह’ हे दुसरे गीत आले. आल्बमची सिद्धता चालू असतानाच, १९८६ साली, तिन्ही गायिका वृंदातून बाहेर पडल्या आणि त्यांच्या जागी जीनेट हुराडो, जोया ब्रुनो व ॲन कर्लेस यांची योजना झाली. नृत्यसंगीताच्या व्यवसायात नाव व गीते निर्मात्याची आणि गायिका करारनाम्यापुरत्या, असा प्रघातच होता. त्यामुळे या बदलाबद्दल फारसा गवगवा झाला नाही. पुढील सर्व वादाचे बीज मात्र या प्रघातातच होते.

नव्या त्रयीतील हुराडो या कॅलिफोर्नियातील, मेक्सिकन वंशाच्या. ब्रुनो यांचा जन्म इटलीतील बारी येथला. ‘लॅटिन’ हे विशेषण गायिकांच्या वंशापेक्षा या संगीताच्या लयीला आणि ते जिथे रुजले त्या वस्त्यांना लागू पडते, याची ही त्रयी साक्ष आहे. हुराडो यांचा स्वर निर्मळ व काहीसा कोमल, ब्रुनो यांचा खरखरीत व जोरकस. या दोन प्रकृतींच्या आवाजांना कर्लेस यांच्या गायनाची जोड मिळून जो एकमेळ साधला गेला, त्याने एकाच वृंदाला नृत्यगृह आणि रेडिओ या दोन्ही ठिकाणी वाव दिला.

‘एक्स्पोझर’ हा पहिला आल्बम १९८७ साली निघाला. त्यातील ‘कम गो विथ मी’ आणि नव्या त्रयीने पुन्हा गायिलेले ‘पॉइंट ऑफ नो रिटर्न’ ही दोन्ही गीते राष्ट्रीय क्रमावलीत पाचव्या क्रमांकापर्यंत पोहोचली, ब्रुनो यांच्या प्रमुख स्वरातील ‘लेट मी बी द वन’ सातव्या क्रमांकापर्यंत गेले, आणि हुराडो यांनी गायिलेले ‘सीझन्स चेंज’ २० फेब्रुवारी १९८८ च्या क्रमावलीत अग्रस्थानी विराजमान झाले. पदार्पणाच्या आल्बममधील चार गीते पहिल्या दहांत जाण्याचा मान याआधी कोणत्याही वृंदाला मिळाला नव्हता. ‘सीझन्स चेंज’ हे मात्र फ्रीस्टाइल नव्हे. ऋतू पालटतात तशी माणसेही पालटतात, या आशयाचे ते संथ भावगीत आहे, आणि त्यात तालयंत्राने मागे सरून गायिकेला श्वास घेण्यास अवसर दिला आहे. नृत्यशैलीच्या अग्रदूत वृंदाचे सर्वोच्च यश भावगीताच्या वाट्याला यावे, यामुळे त्याच्या योग्यतेत यत्किंचितही उणेपणा येत नाही. उलट, वेगवान गीतांतही जी आर्तता ठोक्याखाली दबून असे, ती येथे उघड्यावर आली, इतकेच.

दुसऱ्या, ‘व्हॉट यू डोन्ट नो’ (१९८९) या आल्बमचे शीर्षकगीत आठव्या, ‘टेल मी व्हाय’ नवव्या आणि ‘व्हेन आय लुक्ड ॲट हिम’ दहाव्या क्रमांकापर्यंत गेले. १९९० साली ब्रुनो यांच्या घशात गाठ उद्भवली. ती घातक नव्हती. तथापि तिने त्यांचा आवाज हिरावून घेतला. दीर्घ काळ वाट पाहिल्यावर १९९२ साली त्यांच्या जागी अलास्कातील फेअरबँक्स येथल्या केली मनीमेकर आल्या. त्याच वर्षी निघालेल्या तिसऱ्या आल्बममध्ये मार्टिने यांच्याबरोबर अन्य निर्मात्यांचाही हात होता आणि भर भावगीतांवर होता. डायॅन वॉरेन यांनी रचलेले ‘आय’ल नेव्हर गेट ओव्हर यू गेटिंग ओव्हर मी’ हे त्यातील गीत १९९३ साली आठव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. एव्हाना रेडिओवरून फ्रीस्टाइल जवळजवळ हद्दपार झाले होते. १९९५ साली निवडक गीतांचा संग्रह निघाला आणि त्यानंतर लवकरच वृंद विसर्जित झाला.

पुनर्मीलनाचा आरंभ २००३ साली कॅलिफोर्नियातील पासो रोब्लेस येथील जत्रेतल्या कार्यक्रमाने झाला; त्यात हुराडो, कर्लेस व मनीमेकर गायिल्या. २००६ साली हुराडो व कर्लेस यांच्या जोडीला ब्रुनो परत आल्या. आवाज गमावलेली गायिका अनेक वर्षांच्या खंडानंतर आपल्याच दोन सहकारिणींच्या मध्ये पुन्हा उभी राहिली, ही या इतिहासातील सर्वांत हृद्य घटना होय. फ्रीस्टाइलवर तरुणपणी नाचलेली पिढी आता प्रौढ झाली होती, आणि जुन्या वृंदांच्या एकत्रित कार्यक्रमांना ती मोठ्या संख्येने हजेरी लावू लागली होती.

नावाचा हक्क पँटेराकडून आपल्याकडे आला आहे, असे क्रिस्टल एंटरटेनमेंट या कंपनीचे म्हणणे असल्यामुळे २००६ साली गायिकांना ते नाव वापरण्यासाठी तिच्याशी परवान्याचा करारनामा करावा लागला. पुढे त्यांनी शुल्क देणे थांबविले व नावाच्या नोंदणीसाठी स्वतः अर्ज केला, तेव्हा कंपनीने दावा दाखल केला. फ्लॉरिडातील संघराज्यीय जिल्हा न्यायालयाने नावाची मालकी गायिकांची ठरविली, आणि २०११ साली अकराव्या मंडलाच्या अपील न्यायालयाने तो निर्णय कायम केला. नावाचा उच्चार होताच लोकांच्या मनात ज्या गुणांची आठवण जागी होते, ते गुण कोणाच्या ताब्यात आहेत, हा न्यायालयाच्या विचाराचा गाभा होता. आणि ते १९८६ पासून गायिकांच्याच कंठांत होते. वृंद उभारणाऱ्या निर्मात्यांचे श्रेय यामुळे नाहीसे होत नाही. गीते रचली, निवड केली, प्रारंभीचा धोका पत्करला तो त्यांनीच. परंतु कागदोपत्री दुय्यम गणल्या गेलेल्या गायिकांना आपल्या श्रमाची खूण आपल्या नावे करून घेता आली, हा निर्णय न्याय्य आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. हुराडो, ब्रुनो व कर्लेस यांनी त्यानंतर याच नावाने आपले कार्यक्रम चालू ठेवले.

पहिल्या तिघींपैकी सँडी व आले यांनी पुढे स्वतंत्रपणे गाण्याचा मार्ग धरला. सँडी यांचे २००८ साली निधन झाले. ‘एक्स्पोझर’च्या अगदी आरंभीच्या प्रतींत ‘पॉइंट ऑफ नो रिटर्न’चे मूळ ध्वनिमुद्रण समाविष्ट होते, नंतरच्या प्रतींत त्याच्या जागी नव्या त्रयीचे गायन आले. त्यामुळे ज्यांच्यापाशी आरंभीची ती तबकडी जपलेली आहे, त्यांना मुखपृष्ठावर हुराडो, ब्रुनो व कर्लेस यांची छायाचित्रे दिसत असताना या एका गीतापुरते आवाज मात्र सँडी, आले आणि लॉरी यांचे ऐकू येतात.