खाजू पूल: वरून रस्ता, खाली पाण्याचा कंट्रोल

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. सर्व्हरवर एकदम गर्दी झाली की कुणाला आत सोडायचं आणि कुणाला थोडं थांबवायचं, हे ठरवणारा कोड मी लिहितो. इराणमधला खाजू पूल मला आवडतो तो यासाठीच. त्याने हेच काम पाण्यावर केलं, तेही विजेशिवाय.

पूल कुठे आहे?
इस्फहान शहरात, झायंदेरूद नदीवर. सफवी घराण्यातल्या दुसऱ्या शाह अब्बासने तो १६५० च्या सुमारास बांधून घेतला. लांबी साधारण १३३ मीटर, रुंदी १२ मीटर, कमानी २३. पाया दगडाचा, वरचं बांधकाम विटांचं.

पाणी कसं अडतं?
पुलाच्या पायात पाणी जायला मोऱ्या आहेत आणि त्यांना दारं. दारं बंद केली की वरच्या अंगाला पाणी तुंबतं, पातळी चढते आणि नदीकाठच्या बागांना पाणी देता येतं. उघडली की पाणी पलीकडच्या पायऱ्यांवरून खळाळत पुढे जातं.

कोल्हापूरकडच्या मित्रांना हे लगेच कळेल. आपला केटी बंधारा आठवा! पावसाळा संपला की खांबांच्या खाचांत बर्गे घालायचे, पुढच्या पावसाआधी काढायचे. आणि बऱ्याच ठिकाणी वरून रस्ताही असतो.

मग प्रॉब्लेम काय?
नदीच कोरडी पडते. दुष्काळ, वरच्या भागातला वाढलेला उपसा आणि दुसरीकडे वळवलेलं पाणी यामुळे इस्फहानमधलं पात्र आता वर्षातले कित्येक महिने सुकं असतं. धरणातून पाणी सोडलं की लोक पुलावर गर्दी करतात, कमानींखाली बसून गातात. नोव्हेंबर २०२१ मध्ये हजारो शेतकरी आणि शहरवासी याच पुलाजवळ कोरड्या पात्रात जमले होते. मागणी एकच: पाणी.

फोनमधला बॅटरी सेव्हर आहे ती बॅटरी पुरवून वापरतो, चार्जिंग करत नाही. पुलाचंही तसंच आहे. आलेलं पाणी कधी अडवायचं, कधी सोडायचं, एवढंच दारांच्या हातात. पाणी इथवर येणार का, हे वरचे लोक किती उचलतात त्यावर ठरतं. आपल्याकडच्या बंधाऱ्यांनाही हाच नियम लागू आहे.